शब्दचर्चा : लीजची गाडी परत करताना ‘फेअर वेअर अँड टेअर’ आणि ‘डॅमेज चार्जेस’ला काय म्हणायचं?

वाळूजपट्टी

कंपनीमार्फत लीजवर (ठरलेल्या मुदतीच्या भाडेकरारावर) घेतलेली गाडी मुदत संपल्यावर परत देताना जे तपासणीपत्रक भरतात, ते मराठीत करायचं आहे. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतले सुपरवायझर, चालक आणि तपासणीला येणारा माणूस अशा तिघांनी ते वाचून सही करायची आहे. मसुद्यात ‘फेअर वेअर अँड टेअर’साठी ‘सामान्य घसारा’ आणि ‘डॅमेज चार्जेस’साठी ‘नुकसान शुल्क’ लिहिलंय. खाली स्क्रॅच, डेंट, चिप, क्रॅक असे रकाने आहेत. त्या सगळ्यांना मिळून ‘खरचटणे’ हा एकच शब्द घातलाय, तो पटत नाही. पैसे कापले जाणार ते याच शब्दांवर. कृपया सुचवा.

गोदाकाठ

आधी ‘घसारा’ काढून टाका, ‘झीज’ लिहा. घसारा म्हणजे वर्षागणिक किंमत कमी धरणं. तो हिशोबाच्या वहीत असतो, गाडीच्या पत्र्यावर नसतो. आयकरात मोटारीवर दर साल १५ टक्के घसारा धरतात, भाड्याने चालवायच्या गाडीवर ३० टक्के. गाडी दारात झाकून ठेवली तरी तो लागतो. झीज वापरानं होते: टायर, ब्रेक पॅड, क्लच, सीटचं कापड, स्टिअरिंगवरचं कातडं.

इथं शब्द चुकला तर पैशात फरक पडतो. लीजचं भाडं ठरतं तेच मुळी घसाऱ्यावर. समजा गाडी १० लाखांची आणि चार वर्षांनी तिची किंमत ४ लाख राहील असं धरलंय. मधले ६ लाख ४८ महिन्यांत वसूल करायचे, म्हणजे महिन्याला १२,५०० रुपये, आणि वर व्याज. वापराची झीज त्या ४ लाखांच्या अंदाजात आधीच धरलेली असते. शेवटच्या पत्रकात पुन्हा ‘घसारा’ लिहिला तर भरलेल्या पैशाची दुसऱ्यांदा वसुली करायला जागा मिळते. अंदाजात धरलेल्या झिजेच्या पलीकडे जे गेलं, तेवढ्याचेच पैसे मागता येतात.

त्या ४ लाखांना पुस्तकात ‘अवशिष्ट मूल्य’ म्हणतात. पत्रकात ‘मुदतीअखेरची धरलेली किंमत’ लिहा, चालकालाही कळेल.

पत्रा-पेंट

‘खरचटणे’ माणसाला ठेवा. गॅरेजमधे पाच वेगळे शब्द रोज वापरतेत आणि पाचांचं काम वेगळं, दर वेगळा.

ओरखडा म्हणजे वरच्या क्लिअर कोटमधला, रंगावरच्या पारदर्शक थरातला. नख आडवं फिरवलं तर अडकत नाही. कंपाउंड मारून पॉलिश केलं की जातो.

चरा म्हणजे नख अडकतं असा. क्लिअरच्या खाली रंगात गेलेला. त्याच्या तळाशी राखाडी किंवा पांढरा प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, दिसू लागला की पॉलिशनं काही होत नाही, पूर्ण पॅनल रंगवावं लागतं. पत्रा उघडा पडला असला तर एका पावसाळ्यात गंज धरतो, म्हणून तपासणारा माणूस त्याला सोडत नाही.

पोचा म्हणजे डेंट. पातेल्याला पोचा पडतो तोच शब्द. यात दोन जाती लिहिल्याच पाहिजेत: ‘रंग शाबूत’ आणि ‘रंग फुटलेला’. रंग शाबूत असला तर आतून सळईनं दाबून किंवा बाहेरून गोंदाची टिकली चिकटवून ओढून काढतेत, रंगाला हात लावावा लागत नाही. पोचा दरवाजाच्या कडेवर किंवा बॉडीच्या उभार रेघेवर बसला असला तर मात्र सहसा असा निघत नाही. मग ठोकणं, लांबी (पुट्टी) भरणं, घासणं, प्रायमर, रंग, क्लिअर असं सगळं करावं लागतं.

टवका म्हणजे चिप. खडी उडून बॉनेटवर किंवा काचेवर उडतो तो. ‘टवका उडाला’ म्हटलं की कुणाला विचारावं लागत नाही.

तडा म्हणजे क्रॅक. काच, दिवा, बंपर यांना तडा जातो.

मांजराकाठ

काचेपुरती भर घालते. समोरची काच दोन थरांची असते, मधे प्लास्टिकचा पडदा. टवका बाहेरच्या थरापुरता असेल तर त्यात राळ भरून काम भागतं. त्याचा तडा होऊन कडेपर्यंत पोचला की काच बदलावीच लागते. उन्हाळ्यात तापलेल्या काचेवर एसी जोरात सोडला की टवक्याचा तडा व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पत्रकात टवका आणि तडा एका रकान्यात घालू नका. टवका चालकाच्या नजरेसमोर आहे की कडेला, तेही लिहा.

‘डाग’ हा रकाना तुमच्या यादीत नाही, तो आपल्या भागात हवाच. बोअरच्या पाण्यानं गाडी धुऊन उन्हात वाळवली की क्षाराचे पांढरे ठिपके काचेवर आणि गडद रंगावर बसतात. वरवरचे असतील तर पॉलिशनं निघतात. वर्षानुवर्षं बसले तर क्लिअर कोट खातात. पहिली झीज, दुसरं नुकसान.

उंदरानं कुरतडलेली वायर हीही झीज नाही. शेताकडे किंवा गोदामाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे फार होतं, आणि बाहेरून पाहून सुटून जातं. बॉनेट उघडून पाहिल्याची नोंद पत्रकात असू द्या.

वाळूजपट्टी

ताई, ‘डाग’ घेतला. टायरचं काय? तपासणारे सगळ्याच टायरांपुढे ‘घासलेले’ लिहायलेत.

मांजराकाठ

‘घासलेले’वरून काहीच ठरत नाही. नक्षीची खोली मिमीमधे लिहा, चारही टायरांची आणि स्टेपनीची वेगवेगळी. मोटारीला कायद्यानं किमान १.६ मिमी लागते, आणि टायरच्या खाचेत तेवढ्या उंचीची खूण असतेच. करारात याहून जास्त खोली मागितलेली असू शकते, तेव्हा परिशिष्ट वाचा. नक्षी सारखी झिजली असेल तर ती झीज. बाजूच्या भिंतीवर ‘फुगा’ आलेला असेल किंवा काप गेलेला असेल तर नुकसान, कारण तो खड्ड्याचा किंवा दगडाचा मार असतो. टायर फक्त आतल्या कडेनं झिजला असेल तर चाकांचं अलाइनमेंट बिघडलेलं होतं आणि कुणी पाहिलं नाही. त्याला ‘एकांगी झीज’ म्हणा. तिचा खर्च कुणी सोसायचा हे सर्व्हिसिंग कुणाकडे होतं त्यावर ठरतं.

तालुका कोर्ट

आता पैशाच्या शब्दाबद्दल. ‘नुकसान शुल्क’ बरोबर नाही. शुल्क सेवेचं किंवा प्रवेशाचं असतं. ‘आकार’ही नको. वीजबिलातला स्थिर आकार, वहन आकार आठवा, तो दर महिन्याला ठरलेल्या दरानं येतो. ‘दंड’ तर अजिबात नको, कारण दंड म्हटलं की खर्चाचा हिशोब दाखवायची गरजच उरत नाही असं वाटतं.

योग्य शब्द ‘भरपाई’. आपल्याकडची जुनी माणसं ‘हर्जाना’ म्हणतात, अर्थ तोच. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम ७४ असं आहे की, करारात रक्कम लिहिलेली असली तरी त्या रकमेच्या मर्यादेत राहून रास्त तेवढीच भरपाई मिळते. म्हणून ‘भरपाई’ लिहिलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: दुरुस्तीला खर्च किती? पत्रकात ‘भरपाईची रक्कम’ आणि ‘रक्कम कशावरून काढली’ असे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवा. दुसऱ्यात एस्टिमेटचा क्रमांक आला पाहिजे.

जीएसटीतही हा भेद आहे. करारभंगाची निव्वळ भरपाई हा कुठल्या सेवेचा मोबदला नसतो, त्यामुळे ती करपात्र नाही, असं ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. बिलावर ‘शुल्क’ लिहून कर लावलेला दिसला तर रक्कम नेमकी कशाची, हे लेखी विचारावं.

गोदाकाठ

वकीलसाहेबांशी पूर्ण सहमत. ‘नुकसान’ आणि ‘भरपाई’ यांच्या मधे विमाही येतो, तो विसरू नका. पोचा किंवा फुटलेला दिवा विम्यातून करून घ्यायचा असेल तर गाडी परत द्यायच्या आधी, पॉलिसी चालू असताना. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर ५० टक्के कापतात. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयानुसार कापतात, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के. काचेवर कपात नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये आपलेच. ‘झिरो डेप’ हे जादा कवच घेतलं असेल तर ही टक्केवारीची कपात बहुतेक भागांवर होत नाही. इथं कापतात त्याला मात्र ‘घसारा’च म्हणायचं, तो शब्द तिथं चपखल आहे. बहुतेक मसुद्यांत घसारा शिरतो तो या विम्याच्या कागदांतूनच.

चार वेगवेगळ्या वेळचे चरे एका क्लेममधे बसत नाहीत. प्रत्येक घटनेचा क्लेम वेगळा.

पत्रा-पेंट

विम्यावरून आठवलं, परत द्यायच्या आधी स्वस्तात रंग मारून घेणारे फसतेत. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. वरून परत रंग मारला की २०० च्या पुढं जातो. लांबी भरलेली असली तर ५०० ओलांडतो. तपासणाऱ्याच्या हातातलं मीटर पत्र्यावर टेकवलं की लगेच आकडा दाखवतं. प्लास्टिकच्या बंपरवर साधं मीटर चालत नाही, तिथं डोळ्यानंच पाहतेत. मेटॅलिक रंग शेजारच्या पॅनलमधे विरत नेला नाही तर उन्हात दोन छटा दिसतात. मग मूळ चरा राहतो बाजूला आणि पत्रकात ‘निकृष्ट दुरुस्ती’ चढते. चऱ्यापेक्षा तिचा खर्च जास्त, कारण आधीचं सगळं खरवडावं लागतं.

आणि रकान्याचं नाव ‘लांबी’ ठेवू नका राव. पेंटर त्याला पुट्टी समजतो. ‘माप, मिमी’ लिहा.

वाळूजपट्टी

हे ध्यानातच आलं नव्हतं, रकाना बदलला. ‘सामान्य झीज’ की ‘वाजवी झीज’?

तालुका कोर्ट

‘सामान्य’ ढिला आहे. कुणासाठी सामान्य? ‘रास्त’ घ्या. रास्त भाव दुकानामुळे हा शब्द गावोगाव पोचलेला आहे आणि कायद्याच्या मराठीतही बसतो. पूर्ण शब्दयोजना अशी करा: ‘गाडीचे वय व चाललेले किलोमीटर यांच्या मानाने रास्त झीज’. नुसतं ‘रास्त’ लिहून सोडू नका, पुन्हा वाद होईल. ब्रिटनमध्ये बीव्हीआरएलए या भाड्याच्या वाहनांच्या संघटनेनं मापंच ठरवून दिलीत. २५ मिमीपर्यंतचा ओरखडा, खालचा प्रायमर किंवा पत्रा दिसत नसेल तर, झीज धरतात. ते माप आपल्याकडे लागू नाही. आपल्या करारातलं परिशिष्ट हेच प्रमाण, पण नोंद करायची रीत त्यांची चांगली आहे: माप आणि खोली, दोन्ही.

कापूसपट्टा

प्रश्न विचारू का? फायनान्सवर घेतलेल्या गाडीलाही हे लागू का? आमच्याकडं परभणीत लोक दोन्हीला ‘फायनान्सची गाडी’च म्हणायलेत.

गोदाकाठ

नाही दादा. कर्जाची गाडी आपली असते, आरसीवर फक्त बोजा असतो, सातबाऱ्यावर असतो तसा. किस्ती संपल्या की एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरटीओतून बोजा उतरवायचा. चरे किती हे कुणी पाहत नाही. किस्ती थकल्यावर गाडी ‘ओढून नेतात’ आणि लीज संपल्यावर ती आपण ‘जमा करतो’. पत्रकाच्या मथळ्यात ‘जमा’च ठेवा. ‘सरेंडर’ किंवा ‘ताबा घेतला’ लिहिलं तर वाचणाऱ्याला थकबाकीची गाडी वाटते.

वाळूजपट्टी

आतापर्यंतचं धरून एक नोंद अशी झाली, पाहा:

‘डावा मागचा दरवाजा. चरा १. माप ४० मिमी. नख अडकते, प्रायमर दिसतो. रास्त झिजेबाहेर. फोटो क्र. ७. भरपाई एस्टिमेटप्रमाणे.’

मांजराकाठ

चांगली आहे. फोटो दोन लागतील: एक पूर्ण दरवाजाचा, एक मोजपट्टी लावून जवळून. गाडी आधी धुतलेली हवी, चाकांच्या वरच्या कमानीतली काळी माती काढलेली हवी. ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत, तेव्हा वाळल्यावर सावलीत तपासा. सही त्याच वेळी दोघांची.

एक रकाना राहिलाय: ‘तूट’. दुसरी किल्ली, स्टेपनी, जॅक, पाना, आरसी, सर्व्हिस बुक यातलं जे दिलंच नाही, ते मोडतोडीत टाकतात. मोडलेलं काहीच नसतं, कमी असतं. दुसऱ्या किल्लीची तूट महाग पडते, कारण चिपची किल्ली नवी करून गाडीला जोडून घ्यावी लागते. फास्टॅग मात्र तुटीत धरू नका. तो आपल्या खात्याला जोडलेला असतो, गाडी जमा करायच्या आधी बँकेकडून बंद करून घ्यायचा, नाहीतर पुढच्या माणसाचा टोल आपल्या खात्यातून जातो.