‘चाल लावणे’ की ‘स्वरबद्ध करणे’? आणि क्रम उलटा असेल तर?

लगावली: शब्द-सुरांच्या महोत्सवाची पत्रिका मराठीत करायची आहे. एका सत्रात कविता आधीच्या, चाली नंतरच्या. दुसऱ्यात चाल आधी, शब्द नंतर. मसुद्यात दोन्हीकडे ‘संगीतबद्ध’ आहे. पहिल्यासाठी ‘चाल लावली’ सुचवलं, तर ‘छापील पत्रिकेत बोली नको’ म्हणून ‘स्वरबद्ध’ आलं. दुसऱ्याला काय म्हणावं?

मध्यलय: ‘चाल’ बोली कशी? संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ असायची. ज्या गाण्यावर पद बेतलं त्याचे पहिले शब्द तिथे देत. तुमचा दुसरा प्रकार तोच: ‘अमुक चालीवर’. १९११ च्या ‘मानापमान’लाही गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या असंच आपण म्हणतो.

अनवट: ‘स्वरबद्ध’मध्ये लय आणि शब्दाची फेक कुठे येते? ‘संगीतबद्ध’ तर फारच सैल. त्यात वाद्यमेळही आला, आणि तो बहुधा संयोजकाचा असतो. श्रेयनामावलीत ‘चाल’ आणि ‘संगीत संयोजन’ वेगळं छापा. ‘चाल’मध्ये चालणं आहे, म्हणून तोच नेमका.

लगावली: पण ‘चालीवर लिहिलेलं’ म्हटलं की चाल उसनी वाटते. इथे ती नवीकोरी आहे.

तिहाई: मग ‘मीटरवर लिहिलेलं’ म्हणा की! स्टुडिओत हाच शब्द चालतो. संगीतकार ला-ला करून चाल देतो, कवी त्यातले लघु-गुरू (एका मात्रेची आणि दोन मात्रांची अक्षरं) मोजून शब्द बसवतो. रुळलेल्या शब्दाला परका म्हणून हाकलू नका.

मध्यलय: परकेपणाचा प्रश्नच नाही. मीटर म्हणजे वृत्त, आणि वृत्त जुळलं म्हणजे चाल जुळली असं नाही. भुजंगप्रयात वृत्त घ्या: लगागा (लघु-गुरू-गुरू) चार वेळा, १२ अक्षरं, २० मात्रा. म्हणजे दहा मात्रांच्या झपतालाची दोन आवर्तनं, दोन फेऱ्या. पहिला लघु दहाव्या मात्रेवर उचलला की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, गुरूवर येते आणि तालाचे २-३-२-३ मात्रांचे खंड आपसूक भरतात. आता ‘निळ्या सावळ्या पावसाच्या सरींनी’ म्हणून बघा. वृत्त निर्दोष, पण दुसऱ्या आवर्तनाची सम ‘सा’वर पडते आणि ऐकू येतं ‘पाव – साच्या’. ‘निळ्या सावळ्या त्या नभाच्या कडेला’ केलं की ‘न’ दहावीवर, ‘भा’ समेवर. शब्द अखंड राहतो. नुसतं मीटर मोजणाऱ्याला हे दिसत नाही.

अनवट: वृत्त निर्दोष कसं? ‘ळ्या’ जोडाक्षर, म्हणजे आधीचे ‘नि’ आणि ‘व’ दोन्ही गुरू. मात्रा २२ झाल्या.

मध्यलय: जोडाक्षराचा आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, आधीच्या अक्षरावर पडला तरच ते गुरू. ‘निळ्या’, ‘तुझ्या’ इथे तो पडत नाही. ‘विद्या’तला ‘वि’ गुरू, ‘उद्या’तला ‘उ’ लघु. पुढचा ‘द्या’ दोन्हीकडे तोच.

अनवट: बोलताना ठीक. लिखित वृत्ताचा नियम उच्चारावर सोडला तर जो तो सोयीने मोजेल.

तिहाई: गाणं उच्चारावरच उभं आहे. ‘उद्या’चा ‘उ’ समेवर ठेवून दोन मात्रा ओढा, ‘ऊद्या’ ऐकू येईल. गायक लिखित नियम पाळायला गेला की नेमकं हेच होतं.

अनवट: तो दोष चाल लावणाऱ्याचा, नियमाचा नव्हे. ‘उ’ समेवर ठेवलाच का?