टूरिंग बाइक घरीच सांभाळायची, पण पाना कुठे थांबवायचा?

पूर्णाकाठ
सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी, पाऊण दिवस जाण्यायेण्यातच जातो. त्यामुळे आपल्याकडे खेड्यात मोठी बाइक ठेवायची तर तेल, चेन, एअर फिल्टर, ब्रेक पॅड हे घरीच करावं लागतं, त्यावर वाद नसावा. माझं म्हणणं पुढचं आहे. देखभाल घरी करा, बदल मात्र घरी करू नका. देखभालीत कंपनीने ठरवलेलं माप परत आणायचं असतं आणि ते मॅन्युअलात छापलेलं असतं. जास्तीचे लाइट, कॅरिअर, सायलेन्सर यांत माप आपणच ठरवतो आणि ते चुकल्याचं चिखलदऱ्याच्या घाटात कळतं.

सायलेन्सर तर सोडूनच द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचना बदलू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय बीएस-६ (धुराच्या नव्या निकषांच्या) गाडीत ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टमध्येच असतो. पाइप मोकळा केला की ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, हिशेब बिघडतो.

वऱ्हाडी पाना
भाऊ, सायलेन्सर अन् लाइट एकाच दावणीले कायले बांधता? सायलेन्सरचं पटलं. लाइटाचं माप आपण मनानं ठरवतच नाही, ते गणितानं निघते. ४० वॅटचे दोन लाइट म्हणजे ८० वॅट, १२ व्होल्टवर पावणेसात अँपिअरच्या आत. बॅटरीच्या प्लसपासून वीतभरात १० अँपिअरचा फ्यूज, तिथून १.५ स्क्वेअर एमएमची वायर रिलेच्या (बटनाच्या बारीक करंटावर मोठा करंट जोडणाऱ्या स्विचच्या) ३० नंबरच्या पिनले. ८७ वरून लाइट, ८५ अर्थिंगले. ८६ ले चाबी लावल्यावरच करंट येते अशी वायर, मधात बटन. झालं.

फ्यूज लाइटापाशी लावणारे लय पाहाले भेटतात. टँकखाली वायर घासून चेसिसले लागली तर तो फ्यूज काय कामाचा? अन् जोड पिळून टेप मारू नका. मे महिन्यात टेपचा गोंद पातळ होऊन जोड उघडा पडते. क्रिंप करा, म्हणजे पकडीनं दाबून जोडा, वरून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा.

खरा घोळ हेडलाइटात ९०/१०० वॅटचा बल्ब टाकणाऱ्यांचा आहे. मूळ बल्ब ५५/६० चा, वायर अन् स्विच त्याच मापाचे. होल्डर वितळतो, मग म्हणतात घरी केलं म्हणून जळलं.

झाडीपट्टी
पूर्णाकाठ यांचा मुद्दा मला उलटा वाटतो. बदल करताना माणूस घाबरून चार जणांना विचारतो. देखभाल ‘सोपी’ म्हणून निष्काळजीपणे करतो, आणि गाड्या तिथेच मरतात.

तेल काढायचा ड्रेन बोल्टच घ्या. इंजिनाचं बूड अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी. पान्याला पाइप लावून आवळला की आटे गेले. टॉर्क रेंच (ठरलेल्या मापाने आवळणारा पाना) नसेल तर निदान आखूड पाना वापरा आणि वायसर नवा घाला. तेलाच्या डब्यावर जासो एमए२ हा बाइकच्या तेलाचा दर्जा लिहिलेला पाहिजे. घरात कारचं उरलंय म्हणून ते ओतलं की क्लच घसरतो, कारण बाइकचा क्लच त्याच तेलात भिजलेला असतो आणि कारच्या तेलात घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात. चढावर इंजिन ओरडतं, गाडी मात्र सरकत नाही.

चेनीचंही तेच. ओ-रिंगची (कड्यांत ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगा असलेली) चेन पेट्रोल आणि तारेच्या ब्रशने धुतली की रिंगा गेल्या, आतलं ग्रीसही गेलं. रॉकेल आता सहज मिळत नाही, तर डिझेलात ओलं केलेलं फडकं आणि मऊ ब्रश पुरे. कोरडी पुसून ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल आतल्या बाजूने लावा, रात्रभर ठेवा, सकाळी वरचं पुसून टाका. न पुसता शेतरस्त्यावर नेली तर धुळीचा लेप बसतो आणि तोच स्प्रॉकेट खातो. ढिलाई चाक फिरवून चेन सगळ्यात ताठ असते त्या जागी मोजा, माप स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवर असतं. इतरत्र मोजली तर ताठ जागा आणखी ताठते, आणि सामान लादल्यावर ताण थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो.

पूर्णाकाठ
लाइटाचं मान्य, एका अटीवर. लाइट लावून, इंजिन आयडलवर ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर धरा. १३ व्होल्टच्या खाली येत असेल तर फ्यूज, वायर कितीही बरोबर असो, गाडीला तेवढा भार झेपत नाही.

देखभालीच्या यादीत एक भर. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याने गाडी धुणं थांबवा. फवारणी पंपाने धुतलेली गाडी चकचकीत दिसते, पण कनेक्टरांत मीठ बसून हिरवा थर येतो. कुलंटमध्ये ते पाणी कधीच नको. तयार मिश्रण घ्या, नाहीतर घट्ट कुलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा.

काळी_माती
बदल नकोच म्हणणाऱ्यांनी जुलैत पांदण रस्त्याने यावं. मडगार्ड टायरला चिकटून असेल तर काळी माती दोघांच्या मध्ये घट्ट बसून पुढचं चाक जाम होतं. तिथे मडगार्ड स्पेसर घालून वर उचलणं गरजेचं आहे. कापू मात्र नका. कापलेल्या मडगार्डातून चिखल सरळ रेडिएटरवर आणि फोर्कच्या दांड्यांवर जातो. वाळला की सील कापतो आणि तेल झिरपायला लागतं. दांड्यांवर रबरी बूट चढवा.

कॅरिअर गावच्या ट्रॉलीवाल्याकडून बिनधास्त बनवा, पण बोल्टवर बसणारं. चेसिसला वेल्डिंग करू देऊ नका, तापलेली नळी जोडाशेजारी तडकते. आणि जे काही वेल्ड करायचं ते गाडीवरून उतरवूनच. बॅटरी जोडलेल्या गाडीवर वेल्डिंग म्हणजे ईसीयूचा जुगार. जड सामान खाली आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे. मागे लटकवलं तर पुढचं चाक हलकं होतं.

झाडीपट्टी
हे ठीक. पण एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीचं ब्रेक ऑइल घरी बदलू नका, एवढं तरी सगळ्यांनी मान्य करावं. एबीएसच्या मॉड्युलात हवा शिरली की ती काढायला त्यातला पंप मशीन जोडून चालवावा लागतो.

वऱ्हाडी पाना
नाही मान्य. हवा शिरते ती ब्रेक ऑइलची डबी रिकामी होऊ दिल्यानं. लेव्हल खालच्या रेघेच्या वरच ठेवा, ब्रेकच्या निप्पलले (तेल काढायच्या तोंडाले) पारदर्शक नळी लावा, लिव्हर दाबून निप्पल उघडा, लिव्हर सोडायच्या आधी बंद करा. नळीत स्वच्छ तेल येईपर्यंत हेच. डबीवर डॉट ४ लिहिलं असन तर डॉट ४ च, सीलबंद बाटलीतलं. हे तेल हवेतला ओलावा पिते, म्हणून मागच्या वर्षीची उघडी बाटली फेका. दोन वर्षं तेच तेल ठेवल्यानं घाटात ब्रेक फेल होणारे जास्त आहेत, घरी बदलून फसणारे कमी.

झाडीपट्टी
नळीत स्वच्छ तेल आलं म्हणजे मॉड्युलातलं बदललं असं नाही, थोडं जुनं आत राहतंच. घरी करा, पण पहिल्यांदा पन्नास पावलं ढकलत नेऊन लिव्हर किती खाली जाते ते बघा. स्पंज लागली तर तशीच दाबून दाबून चालवू नका, टेम्पोत घालून न्या.