तन्यतेची अडचण स्फटिकरचनेत आहे

ॲल्युमिनियमचे प्रमाण वाढवले की मॅग्नेशियमचा मिश्रधातू सुधारतो, असे मत मांडले जाते, पण ते मला अर्धेच पटते. ताकद वाढते हे खरे, परंतु प्रमाण जास्त झाले की धातूतील सूक्ष्म स्फटिककणांच्या सीमांवर मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचे ठिसूळ संयुग साचते आणि तन्यता, म्हणजे न तुटता ताणले जाण्याची क्षमता, घटते.

मूळ प्रश्न षट्कोनी स्फटिकरचनेचा आहे. धातूला न तुटता कोणताही आकार घेण्यासाठी घसरणीच्या (अणूंचे थर एकमेकांवरून सरकण्याच्या) पाच स्वतंत्र पद्धती लागतात. सामान्य तापमानाला मॅग्नेशियममध्ये सहज घडणारी आधारतलावरील (षट्कोनी रचनेच्या सपाट तळाला समांतर थरांवरील) घसरण त्यांपैकी केवळ दोनच पुरवते. शिवाय पत्रा लाटताना बहुतेक कणांचे आधारतल पत्र्याला समांतर होतात, आणि मग जाडीच्या दिशेने विरूपण जवळजवळ अडून बसते. म्हणूनच यट्रियम, सिरियम, निओडिमियम किंवा कॅल्शियम यांची अल्प मात्रा मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती ही एकदिश मांडणी विस्कळीत करते. यांत कॅल्शियम स्वस्त आहे, आणि वितळलेला धातू पेट घेण्याचा धोकाही ते कमी करते.

कण बारीक करणे हा दुसरा मार्ग. त्याने ताकद आणि तन्यता दोन्ही वाढू शकतात.

एका मुद्द्याकडे मात्र दुर्लक्ष होऊ नये: दाबप्रवाहाने (साच्याच्या छिद्रातून धातू दाबून) घडवलेल्या दांड्यांमध्ये जुळेनिर्मितीमुळे (स्फटिकाचा काही भाग आरशातील प्रतिमेसारखा वळल्यामुळे) दाबाखालील नमनबल (कायमचे विरूपण सुरू होण्याची बलमर्यादा) ताणाखालील नमनबलापेक्षा बरेच कमी असू शकते, त्यामुळे केवळ ताणचाचणीच्या आकड्यांवर भाग अभिकल्पित करणे धोक्याचे आहे.