पहिले तीन महिने: सोलापूरकरणींनो, तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती
धाकट्या जावेला दिवस गेलेत आणि घरात सल्ल्यांना ऊत आलाय. सासूबाई एक सांगतात, शेजारच्या अव्वा दुसरं, मोबाईल तिसरंच. ती बिचारी सगळ्यांना "हो की" म्हणते आणि आत जाऊन ओकते. पुस्तकातली यादी कुठंही मिळते. मला हवंय ते असं, की इथल्या उन्हात, चार-पाच दिवसांनी येणाऱ्या नळाच्या पाण्यावर, आपल्या ज्वारीच्या भाकरीवर पहिले तीन महिने तुम्ही कसे काढले. डॉक्टर काय म्हणाले आणि घरात काय चाललं, दोन्ही लिहा. फक्त इथं वाचून कुणी परस्पर दुकानातून गोळ्या आणू नका.

जुळे_सोलापूर
मी सुरू करते. उलट्या सकाळीच होतात हे कुणी पसरवलंय कोण जाणे. शाळेत दिवसभर ठणठणीत असायचे, संध्याकाळी घरी आले की समोरच्या घरातल्या लसणाच्या फोडणीनं उमासे सुरू. मला तारलं ते कडक भाकरीनं. आपली ती महिनोन्महिने टिकणारी, वाळवलेली ज्वारीची. उशाशी डब्यात ठेवायचे, उठायच्या आधी पडल्या पडल्या एक तुकडा चावून खायचा, मग थोड्या वेळानं उठायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तत्त्व बरोबर आहे, पोट पूर्ण रिकामं झालं की मळमळ वाढते, म्हणून दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं कोरडं खायचं आणि पाणी जेवणाबरोबर न पिता मधे मधे घोट घोट प्यायचं. भाकरीबरोबर शेंगाचटणी मात्र सोडावी लागली. तिखटानं छातीत जळजळ व्हायची. ताकात किंवा दुधात चुरून खाल्ली. तरीही भागलं नाही तेव्हा त्यांनी डॉक्सिलामाइन आणि बी-६ ची गोळी लिहून दिली. गुंगी यायची, पण संध्याकाळ निभायची. तिसरा महिना सरता सरता सगळं थांबलं.

निवृत्त_नर्सबाई
बहुतेकींचं सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतं आणि बारा-चौदा आठवड्यांत ओसरतं. पण "डोहाळे आहेत, होतं असं" म्हणून सगळंच सोडून द्यायचं नसतं. पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद पिवळी होत असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, वजन उतरत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीत कीटोन (अंगाला खाणं पुरेनासं झालं की उतरणारं द्रव्य) तपासतात, सलाइन लावतात, बाई दोन दिवसांत हसायला लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, त्या दिवसांत तर एक रात्रही थांबू नका.

पूर्व_भागातली
माझ्याबद्दल कुणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहिते. मी विड्या वळायची. आई, सासू, दोघी नणंदा, सगळ्याच वळतात. तंबाखूचं सूप मांडीवर, खोली एक, खिडकी बारकी. दिवस गेल्यावर त्या वासानंच पोटात ढवळायचं, पण हजार पुरे झाल्याशिवाय मजुरी कशी मिळणार? आशाताई घरी आल्या. त्यांनी सांगितलं की तंबाखूची धूळ श्वासातून आणि हाताच्या कातडीतून अंगात जाते, त्यानं बाळाचं वजन कमी भरू शकतं. बंद कर म्हणणं सोपं असतं. आमच्या घरात तोडगा निघाला तो असा: मी फक्त पानं कातरायची, तंबाखू भरणं-वळणं सासूनं घेतलं, आणि सूप खोलीतून उचलून ओट्यावर गेलं. मजुरी कमी पडली, पण निभावलं.

खरी लढाई मिश्रीची होती. लहानपणापासून सकाळी दात घासायला मिश्रीच. आम्हाला ते व्यसन वाटतच नाही. भाजलेली असली तरी ती तंबाखूच. आशाताईंनी सांगेपर्यंत मला कुणी असं सरळ बोललंच नव्हतं. सोडली तेव्हा डोकं धरायचं, चिडचिड व्हायची. बडीशेप चघळत बसायची.

निवृत्त_नर्सबाई
@पूर्व_भागातली, तुझी पोस्ट मी मैत्रिणींना वाचून दाखवली. तपासणीच्या खोलीत "तंबाखू खाता का?" असं विचारलं की बायका नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या हिशेबात नसतेच. नाव घेऊनच विचारावं लागतं.

खडू_प्रकरण
मी पाटीवरच्या पेन्सिली खायचे. डबाच्या डबा. सासरी कळलं तेव्हा हसू झालं, "कॅल्शियमचे डोहाळे" म्हणून. पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन ८.९ निघालं आणि हसू बंद. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. माती, खडू, राख खावीशी वाटणं हे पुष्कळदा अंगातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असतं, असं डॉक्टर म्हणाले. मग काय, घरात डाळिंबांची रास! सोलापुरात दुसरं काय होणार. सासरे सांगोल्याकडच्या बागेतून क्रेटच घेऊन आले.

निवृत्त_नर्सबाई
इथं गावाचा राग ओढवून घेते. डाळिंब खा, चांगलं फळ आहे, पण त्यात लोह अगदी नावाला असतं. लाल रंग म्हणजे रक्त, असं नसतं. बिटाचंही तेच. लोह हवं तर बाजरी, हुलगे, मसूर, फुटाणे, राजगिऱ्याची पालेभाजी, आणि खाणारे असाल तर मटण, अंडी. वर लिंबू पिळा किंवा पेरू, आवळा खा, म्हणजे ते अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा नको. आपल्या बायकांचं अर्धं लोह चहातच जातं, असं मी गंमतीनं म्हणायची.

गोळ्यांचंही सांगते. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिड. लोहाची लाल गोळी सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. रक्त फार कमी असेल तर काय आणि कधी द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर घ्यायची नाही, वेळ वेगळी ठेवायची. शौचाला काळं होतं, घाबरू नका. घट्ट होत असेल तर पाणी वाढवा, पेरू खा, गव्हाच्या पोळीऐवजी ज्वारीची भाकरी धरा.

होटगी_रोड
मला फॉलिक ॲसिडबद्दलच बोलायचंय. "तीन महिने कुणाला सांगायचं नाही" ही आपली रीत. कुणाला सांगायचं नाही म्हणजे दवाखान्यातही जायचं नाही, असा अर्थ आमच्या घरात निघाला होता. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतात ती गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. तीन महिन्यांनी पेढे वाटून मग गोळी सुरू केली तर त्या कामाला तिचा काही उपयोग उरत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी ठरवल्यापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू केली. मेथी, पालक, हरभरा यातून फोलेट, म्हणजे तेच सत्त्व, मिळतं, पण तेवढ्यावर विसंबू नका असं डॉक्टर म्हणाले.

आजी_होणार
पोरींनो, सगळं खापर सासवांवर फोडू नका. आम्ही लपवत होतो त्याला कारण होतं. पोट उतरलं की गल्लीतल्या बायका येऊन "काय उचललंस, कुठं गेलीस, काय खाल्लंस" म्हणून त्या पोरीलाच उभी चिरायच्या. गावाला सांगू नका, हे माझं अजूनही मत आहे. डॉक्टरला मात्र पहिल्याच आठवड्यात सांगा. पपई मी सुनेला देत नाही, दिलीही नसती. कच्च्या पपईच्या चिकाला डॉक्टरही नको म्हणतात. पिकलेल्या पपईला ते ना करत नाहीत, पण दहा फळं बाजारात असताना माझा जीव तिच्यातच का अडकावा?

टिळक_चौक
काकूंच्या वरच्या ओळी वाचून लिहायचं धाडस करते. माझं पहिलं नवव्या आठवड्यात गेलं. त्याआधी थोडं डाग लागल्यासारखं दिसत होतं. सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. नंतर कित्येक महिने मी घागर उचलली त्या दिवसाचा हिशेब करत बसले. पाणी आलं होतं, भरून ठेवणं भागच होतं. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं: कळून आलेल्या गर्भधारणांपैकी १० ते २० टक्के अशा जातात, पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो, घागरीनं होत नाही. हे मला नवऱ्यासमोर आणि सासूसमोर सांगितलं, त्याचे उपकार मानते. डाग दिसला म्हणजे सगळं संपलं असंही नसतं, माझ्या बहिणीला दिसला होता, तिचा मुलगा आता पाचवीत आहे. पण दाखवायचं लगेच. एका बाजूला पोटात जोराची कळ, चक्कर, खांद्यात दुखणं असेल तर रात्र असली तरी निघायचं. गर्भ गर्भाशयाऐवजी त्याच्या बाजूच्या नळीत असू शकतो.

धागाकर्ती
@टिळक_चौक, लिहिलंत, बरं झालं.

बाबा_झालेला
पुरुषांनी लिहिलं तर चालतं ना? माझं काम स्वयंपाकाचं होतं, कारण फोडणीचा वास बायकोला चालत नव्हता. हुलग्याचं माडगं, मुगाची खिचडी, उकडलेलं अंडं, गार दहीभात. दहीभात टिकायचा. आई म्हणायची दोन जिवांचं खायला घाल. पहिल्या तीन महिन्यांत खाणं वाढवायची खास गरज नसते, भूक आणि गरज पुढे चौथ्या महिन्यापासून वाढते, हे आईला डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकवावं लागलं. पहिल्याच भेटीत साखर तपासली: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, दोन तासांनी रक्त. १४० किंवा वर आली की गरोदरपणातला मधुमेह. तिची १५२ आली. साबुदाणा, उसाचा रस, दोन जिवांचे लाडू, सगळं एका कागदानं बंद.

नई_जिंदगी
रमजान आणि दुसरा महिना एकदमच आले. रोजे नंतर भरून काढायची सवलत धर्मातच आहे, तरी मनाला लागतं. अम्मीनंच समजावलं. श्रावण-नवरात्रवाल्या बहिणींनीही विचार करा, उपाशीपोटी मळमळ दुप्पट होते.

अक्कलकोट_रोड
आमचं घर शाकाहारी, अंडंही नाही. हातापायांना मुंग्या, जीभ लाल. बी-१२ कमी निघालं. दूध-दही रोज आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी. शिवाय थायरॉईडही तपासून घ्या. माझं लक्षणाशिवाय वाढलेलं होतं. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, लोह-कॅल्शियमपासून चार तास लांब.

निवृत्त_नर्सबाई
नोंदणी १२ आठवड्यांच्या आत करा, मग ते सिव्हिल असो, महापालिकेचं आरोग्य केंद्र असो की गावातलं उपकेंद्र. माता-बाल कार्ड मिळतं, रक्तगट कळतो. निगेटिव्ह असेल तर ते पुढे फार महत्त्वाचं. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, त्यालाही ही नोंद लागते. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. साठवलेलं पाणी उकळून प्या, लघवीला जळजळ झाली तर अंगावर काढू नका.

नवी_मेंबर
सगळं वाचलं, धन्यवाद. एकच प्रश्न: पुढच्या आठवड्यात मंगळवेढ्याला मामांच्या रानात हुरड्याला बोलावलंय. अडीच महिने झालेत. जाऊ का?

निवृत्त_नर्सबाई
डाग, दुखणं काही नसेल तर जा की. हुरडा आगटीत भाजलेलाच असतो. सोबतचं दही उकळलेल्या दुधाचं आहे का विचार, पाणी घरून ने, शेंगाचटणी जपून. गाडी मामांना हळू चालवायला सांग.