अनुभव धागा : सोनोग्राफीच्या कागदावरचा ‘पॉलिसिस्टिक’ हा शब्द

चिपळूणची मावशी

गेल्या आठवड्यात माझी भाची सोनोग्राफीचा कागद घेऊन आली. तिचे वय 19 आहे. कागदावरची ‘पॉलिसिस्टिक ओव्हरीज’ ही ओळ, म्हणजे पीसीओएस या आजाराची शंका, तिने बोटाने दाखवली आणि ‘मावशी, माझ्या पोटात गाठी आहेत का?’ असे विचारून ती रडू लागली. सतरा वर्षांपूर्वी हाच शब्द माझ्या कागदावर होता आणि हाच प्रश्न मी कोणालाही विचारू शकले नव्हते, म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्या घरी गौरीविसर्जनापर्यंत गणपती असतो आणि सोवळे कडक असते. त्यामुळे श्रावण सरता सरता घरातील मुलींना पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणून दिल्या जात. त्या थांबवल्या की चार दिवसांत पाळी येई आणि हिचे सगळे व्यवस्थित आहे असे घरच्यांना वाटे. एरवी ती तीन-तीन महिने फिरकत नसे, हे फक्त मला आणि कालनिर्णयच्या पानामागे मी पेन्सिलीने काढलेल्या ठिपक्यांना ठाऊक होते. मानेची काळी पडलेली घडी आई काथ्याने घासून काढायची. तो मळ नसून शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण आहे, हे मला सव्विसाव्या वर्षी निदान झाले तेव्हा कळले.

भाचीला मी इतकेच सांगितले की त्या गाठी नव्हेत. बीजकोशात (ओव्हरीत) दर महिन्याला अनेक बीजपुटके, म्हणजे बीज असलेल्या बारीक पिशव्या, वाढू लागतात आणि त्यांतील एक पक्व होऊन बीज बाहेर पडते. आपल्यासारख्यांची पुटके अर्ध्या वाटेवर थांबतात आणि सोनोग्राफीत मण्यांसारखी दिसतात. निदानानंतरच्या पहिल्या वर्षात आपल्याला कशाचा उपयोग झाला, ते कृपया लिहावे.

कुडाळची परिचारिका

ताई, भाचीची पाळी कितव्या वर्षी सुरू झाली? विचारण्याचे कारण असे की 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पहिल्या पाळीनंतरच्या आठ वर्षांत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये. त्या वयात निरोगी मुलींचे बीजकोशही पुष्कळदा तसेच दिसतात.

चिपळूणची मावशी

तेराव्या वर्षी, म्हणजे अजून सहाच वर्षे झाली. मात्र पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते आणि हनुवटीवर राठ केसही आहेत.

कुडाळची परिचारिका

मग निदान त्या दोन गोष्टींवरच उभे राहते आणि सोनोग्राफीचा कागद बाजूला ठेवला तरी चालतो. 2003 साली रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांनुसार प्रौढ स्त्रीमध्ये अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) अतिरेक, जसे हे राठ केस, आणि बीजकोशांचे ते विशिष्ट रूप या तिन्हींपैकी दोन गोष्टी आढळाव्या लागतात, आणि त्याआधी थायरॉइड व प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित संप्रेरक) यांच्या तपासण्या करून ते दोष नाहीत ना, हे पाहावे लागते. या तपासण्या झाल्या नसतील तर आग्रहाने करून घ्या.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक मुलीला सांगते. पाळी नव्वद दिवसांत आली नाही तर ‘बरे झाले, कटकट गेली’ असे म्हणून बसू नये, कारण गर्भाशयाचे अस्तर साचत राहते आणि वर्षानुवर्षे तसेच चालल्यास पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. डॉक्टर काही दिवस पाळी आणणाऱ्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात, त्या याच कारणासाठी.

देवगडकरीण

माझे वजन 46 किलो असताना निदान झाले. आमच्याकडच्या डॉक्टरांनी कागद पाहिला, मला पाहिले आणि ‘वजन कमी करा’ असे लिहून दिले! आईने विचारले, ‘हिचे कुठून कमी करायचे?’ त्यावर उत्तर मिळाले नाही. शेवटी करूळ घाट चढून कोल्हापूर गाठले. तेथील डॉक्टर बाईंनी 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासली, तेव्हा ती मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. सडपातळ बाईलाही हा आजार होतो, हे भाचीला जरूर सांगा.

मेटफॉर्मिन ही साखर आटोक्यात ठेवणारी गोळी सुरू केल्यावर पहिले पंधरा दिवस पोटाने फार छळले. गोळी जेवणानंतर घेतल्यावर आणि मात्रा हळूहळू वाढवल्यावर ते थांबले. ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी अधूनमधून बी12 जीवनसत्त्व तपासावे, असेही त्यांनी सांगितले होते.

फणसाचा गरा

देवगडकरीण ताई, एकच प्रश्न विचारते आणि गप्प बसते. हापूस चालतो का?

देवगडकरीण

बागेतल्या माणसाला आंबा बंद करणारा डॉक्टर अजून जन्मायचा आहे. मी जेवणात भाताची एक मूद कमी करते आणि अर्धा आंबा कापून खाते. आमरसाच्या वाट्या मात्र सोडल्या. खरी अडचण आंब्याची नव्हतीच. सकाळी पेज, दुपारी भात, चार वाजता चहाबरोबर खारी आणि रात्री पुन्हा भात, असा दिवस होता. आता दुपारच्या ताटात कुळथाची पिठी आणि बांगडा आधी, भात नंतर आणि थोडा. रात्री नाचणीची भाकरी. वेगळे महागडे पीठ काही आणले नाही.

रात्रपाळीवाली

शेतात भातलावणीच्या दिवसांत माझी पाळी आपोआप सुधारायची आणि मुंबईला नोकरीत बसून राहू लागल्यावर पार बिघडली, यावरून जे समजायचे ते मी समजले. सहा महिन्यांत 72 किलोंचे 67 झाले, तेव्हा औषधाशिवाय दोन पाळ्या ओळीने आल्या. पाच किलो ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण डॉक्टर वजनाच्या पाच ते दहा टक्क्यांविषयीच बोलत होते.

त्याआधीची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. पाळी नियमित करण्यासाठी मला गर्भनिरोधक गोळ्या दिल्या होत्या आणि गावातील औषधाच्या दुकानात बसणारे काका आमच्या वाडीतले. मी घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती. लग्न न झालेल्या मुलीच्या पिशवीत हे पाकीट कसे, यावर आई दोन दिवस बोलली नाही. पुढच्या वेळी तिला डॉक्टरांसमोर बसवले आणि ‘या गोळ्यांनी पुरुषी संप्रेरके आटोक्यात येतात, केस व मुरुमे कमी होतात’ हे त्यांच्याच तोंडून ऐकवले. भाचीच्या आईलाही सोबत न्या, ताई.

गुहागरचा जावई

पुरुषाने येथे लिहावे की नाही, असा विचार करत होतो. लग्नाला चार वर्षे होऊनही मूल नसल्यामुळे माझ्या आईने हाच आजार असलेल्या माझ्या पत्नीला दर सोमवारी उपवास धरायला लावले, आणि मी काही बोललो नाही याची लाज आजही वाटते. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत माझीही तपासणी सांगितली. दोष माझ्यात निघाला नाही, पण तो कागद आईपुढे ठेवताना मला प्रथमच कळले की पत्नी असे किती कागद एकटीने वाचत आली होती. बीज पक्व व्हायला मदत करणाऱ्या लेट्रोझोल या गोळीच्या तिसऱ्या आवर्तनात तिला दिवस राहिले. बीज बाहेर पडणे लांबते, म्हणजे ते कायमचे बंद होते असे नाही, हे वाक्य कोणी चार वर्षे आधी सांगायला हवे होते. गरोदरपणात साखर मात्र वरचेवर तपासावी लागली.

फणसाचा गरा

भाऊ, लिहिलेत ते चांगले केलेत. माझ्या सासूबाईंना वाचून दाखवणार आहे.

मालवणची शेजारीण

केसांबद्दल आणि मनाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. औषध सुरू झाल्यावर केस महिनाभरात जातील असे मला वाटले होते. फरक दिसायला सहा महिने लागले, आणि आधीच राठ झालेल्या केसांसाठी लेझर करावे लागले. त्या काळात मी लग्नकार्यांना जाणे सोडले होते. मी आळशी झाले आहे असे घरात सगळे म्हणत, पण ते नैराश्य होते, आणि या आजारात ते अधिक आढळते हे मला समुपदेशनात कळले. भाची जेवते-झोपते ना, तेही पाहा.

चिपळूणची मावशी

सर्वांची उत्तरे भाचीला वाचायला दिली. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनसाठी काल रक्त दिले, आणि तिच्या आईलाही पुढच्या भेटीस यायचे आहे. काल संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातील कालनिर्णयवर, पानाच्या पुढच्या बाजूला, तारखेच्या चौकटीतच लाल पेनाने ठिपका काढला. आमच्या सासूबाईंनी चष्मा लावून तो पाहिला आणि ‘ही कोणती तिथी?’ असे विचारले. भाचीने त्यांना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘माझी पण चार-चार महिने येत नसे.’