मदत हवी आहे: जळगावच्या अक्षांशाला चालेल असा डॉब्सनखालचा प्लॅटफॉर्म

मंडळी, माझ्याकडे ८ इंची डॉब्सन (आडवी-उभी हाताने ढकलायची साधी आरशाची दुर्बीण, फोकल लांबी १२०० मिमी), २x बार्लो (फोकल लांबी दुप्पट करणारं भिंग), २.९ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा. गुरू मिथुनेत असला की आपल्याकडे मध्यावर, म्हणजे आकाशात सर्वांत उंच असताना, जवळपास डोक्यावरच येतो. हवेच्या थराचा त्रास सर्वांत कमी तिथेच, पण डॉब्सन तिथेच अडतो: आडवं ढकललं तर नळी नुसती जागेवर फिरते, गुरू काही चौकटीत येत नाही.

ट्रॅकिंगशिवाय (दुर्बीण आकाशाबरोबर फिरवल्याशिवाय) गुरू सेन्सरवरून साधारण ३५ सेकंदांत निघून जातो. ५ मिलिसेकंद एक्स्पोजरला घसरण पाव पिक्सेलच, ते चालतं. पण गुरू १० तासांच्या आत गिरकी घेतो, म्हणून बारीक तपशील दोन मिनिटांतच पकडावा लागतो, आणि त्यातला निम्मा वेळ परत नेम धरण्यात जातो.

म्हणून प्लायवुडचा इक्वेटोरियल प्लॅटफॉर्म (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती हळू फिरून दुर्बिणीला आकाशाबरोबर नेणारा पाट) करायचाय. नेटवरचे आराखडे ४० अंश अक्षांशाचे. आपल्याकडे अक्ष जमिनीशी २१ अंशांचाच. दुर्बिणीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंमी धरला, तर त्यातून जाणारा अक्ष दक्षिणेला दीड मीटरवर जमिनीला टेकतो! दक्षिणेचा टेकू जवळ घेतला तर अक्ष गुरुत्वमध्याच्या खालून जातो, नि सगळा डोलारा कलंडायला बघतो.

जळगाव-धुळ्याकडे कुणी बनवलाय का? प्लॅटफॉर्म ज्या कमानीवर सरकतो, त्या उत्तरेच्या कमानीची त्रिज्या किती घेतली? दक्षिणेला टेकूऐवजी दुसरी कमान बसवली का? मापं नि फोटो टाका. स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो, त्यामुळे मांडणी केळीच्या बागेशेजारी, मातीवर होणार. पाय रुतू नयेत म्हणून खाली काय ठेवता तेही सांगा.