स्वराज द्वीपच्या मुक्कामातून शहीद द्वीपची एक दिवसाची फेरी

प्रश्न : कर्वेनगरकर
जानेवारीत आम्ही दोघे आणि माझ्या सासूबाई अंदमानला निघालो आहोत. रोज पहाटे सामान बांधून पुढच्या बेटावर धावायचे नाही, म्हणून सगळा मुक्काम स्वराज द्वीपवर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, एकाच ठिकाणी ठेवला आहे. त्यातला एक दिवस शहीद द्वीपला, पूर्वीच्या नीलला, जाऊन संध्याकाळी परतावे असा विचार आहे. सासूबाई पर्वती अजून थांबत थांबत चढतात, पण ओल्या खडकांवरून चालणे त्यांना जमणार नाही. तिथल्या लक्ष्मणपूर किनाऱ्यावरचा सूर्यास्त पाहून परत येता येईल का, आणि दगदग न होता हा दिवस कसा आखावा?

उत्तर : सहकारनगर
सूर्यास्ताचा बेत सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अंदमान सुमारे ९३ अंश पूर्व रेखांशावर आणि पुणे ७४ अंशांच्या आसपास असले तरी दोन्हीकडे घड्याळ एकच असल्यामुळे तिथे सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी मावळतो. जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास अंधारू लागते आणि परतीची बोट त्याआधीच गाठावी लागते. सूर्यास्त राधानगरच्या किनाऱ्यावरून पाहावा. तो तुमच्याच बेटावर आहे, पश्चिमाभिमुख आहे आणि तिथून मुक्कामी परतायला बोट लागत नाही.

शहीद द्वीपवर खरा प्रश्न ओहोटीचा असतो. लक्ष्मणपूरजवळची खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीलाच जवळून पाहता येते, कारण तिथवरची वाट मेलेल्या प्रवाळांच्या खडबडीत, निसरड्या थरावरून जाते. खडकांतल्या डबक्यांत वाकून पाहिले, तर सुकलेल्या दोडक्यासारखी समुद्रकाकडी पडलेली दिसते आणि बोटाएवढे मासे सावली पडताच कपारीत शिरतात. सासूबाईंना तिथे नेऊ नये. धक्क्याजवळच भरतपूरचा किनारा आहे. तिथे सावलीत शहाळे घेऊन त्यांना बसता येईल, आणि तुम्ही दोघे आळीपाळीने कमान पाहून या.

उत्तर : मूळ रत्नागिरी
वरील मताशी सहमत आहे, मात्र एक पुस्ती जोडतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा आपल्याकडचा हिशेब कोकण किनाऱ्यापुरताच आहे. तो अंदमानात लावू नये, तिथला भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत दूर जाते, अष्टमीच्या सुमारास फारसे हटत नाही, आणि ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून आधी बोटीचे तिकीट काढून मग तक्ता पाहण्यापेक्षा, ज्या दिवशी उशिरा सकाळी ओहोटी आहे तो दिवस हेरावा आणि त्याच दिवसाचे तिकीट काढावे. हंगामात तिकिटे लवकर संपतात, तेव्हा हे काम पुण्यातूनच उरकलेले बरे.

उत्तर : डेक्कन
फेरीचा दिवस मुक्कामाच्या मध्यावर ठेवा. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, आणि दुसऱ्या दिवशी विमान असेल तर जीव टांगणीला लागतो. शहीद द्वीप लहान आहे, रिक्षा ठरवली की पुरते. तिथली वस्ती मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची असून भाजीपाल्याची शेती मोठी आहे, त्यामुळे साध्या खानावळीतही ताजी भाजी आणि मासळी चांगली मिळते. फक्त किनाऱ्यावर जाण्याआधीच जेवण सांगून ठेवावे, कारण स्वयंपाक गिऱ्हाईक आल्यावर सुरू होतो. शिंपले किंवा प्रवाळांचे तुकडे पिशवीत घालू नयेत. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामानाची तपासणी होते.

कर्वेनगरकर
सर्वांचे आभार. सूर्यास्त राधानगरलाच पाहू. तक्ता आजच काढते. भरतपूरला काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दाखवतात असे वाचले. सासूबाईंना त्या बोटीत चढता येईल का?

सहकारनगर
चढता येईल, पण थोड्या पाण्यातून चालत जावे लागते. त्यांनी साडीऐवजी सलवार घालावी आणि पायांत पट्ट्याच्या चपला असाव्यात. भर ओहोटीला मात्र बोट दूर उभी राहते आणि मधल्या उथळ पाण्यात पायाखाली खडे येतात, तेव्हा कमान आधी पाहून घ्या आणि पाणी चढू लागल्यावर त्यांना बोटीकडे न्या.